हरिकेनचा लाल ठिपका आणि नेवाळीचे बारा गुंठे

१/ सोबतच्या छायाचित्रातले विमान तळहातावर मावते. हॉकर हरिकेन, प्रमाण १/७२, पंखांची एकूण लांबी १६९ मिलिमीटर. मागे दिसते ते पाणी बारवी धरणाचे आहे. मे महिन्यात जलाशय मागे सरतो, काठाची भेगाळलेली माती उघडी पडते आणि सकाळच्या तिरप्या उन्हात कॅमेरा जमिनीलगत ठेवला की ती माती एखाद्या युद्धकालीन तळासारखी भासते. विमान मी बांधले आहे, छायाचित्रही माझेच. या विमानावरून नुकताच एक वाद झाला. त्या वादात मी समोरासमोर पुरेसे बोलू शकले नाही. ते आज इथे सविस्तर लिहीत आहे. धागा लांब आहे.

२/ हौशी मॉडेलकारांचे एक छोटे प्रदर्शन होते. टेबलावर तीस-पस्तीस विमाने, त्यांत माझे हरिकेन. अनेक वर्षे मॉडेले बांधणाऱ्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी खिशातून भिंग काढले, विमान बराच वेळ न्याहाळले आणि आपुलकीने म्हणाले, "अगं, काम सुरेख झालंय. पण चकतीतला मधला लाल ठिपका राहिला की!"

मी म्हणाले, "काका, राहिला नाही. त्या विमानावर तो नव्हताच."

ते हसले. त्यांना मी सारवासारव करत आहे असे वाटले असावे.

३/ दुसरा आक्षेप आयोजकांकडून आला. विमानाशेजारी मी एक कार्ड ठेवले होते. त्यावर विमानाची माहिती आणि शेवटी दोन वाक्ये: याच युद्धासाठी आपल्या कल्याण-अंबरनाथजवळ नेवाळी येथे धावपट्टी झाली, आणि त्या जमिनीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दुपारी पाहते तो कार्ड पालथे घातलेले. विचारल्यावर उत्तर मिळाले, "इथे विमानं आहेत. जमिनीचे वाद बाहेर ठेवा. तपशिलावर बोला."

मग तपशिलावरच बोलू या. कारण माझे म्हणणे असे आहे की ठिपक्याच्या बाबतीत आणि कार्डाच्या बाबतीतही चूक झाली ती तपशिलाचीच. ज्या अचूकतेचा आम्हा मॉडेलकारांना इतका अभिमान असतो, तिच्याच कसोटीवर ती चूक ठरते.

४/ प्रथम ठिपका. ब्रिटिश विमानांवरची निळी-पांढरी-लाल चकती सर्वांच्या ओळखीची आहे. पण ब्रह्मदेशच्या आघाडीवर समोरच्या जपानी विमानांवर भला मोठा लाल गोळा असे. ताशी चारशे-पाचशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला, किंवा झाडीत तोफ लावून बसलेल्या सैनिकाला, निर्णय घ्यायला एक-दोन क्षण मिळतात. त्या क्षणात लाल रंग दिसला की बोट चापावर जाते. आपलीच माणसे आपल्याच विमानावर गोळ्या झाडू नयेत म्हणून १९४२ नंतर या आघाडीवरच्या चकतीतून लाल रंग काढून टाकण्यात आला. शेपटीवरच्या पट्ट्यातूनही तो गेला. पुढे गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा मध्य ही खूण रूढ झाली. ऑस्ट्रेलियानेही याच कारणाने लाल रंग सोडला.

५/ आता प्रमाणाचे गणित. त्या आघाडीवर अनेक लढाऊ विमानांवर १६ इंच व्यासाची छोटी चकती असे. १/७२ प्रमाणात ती साडेपाच मिलिमीटरांहून जराशीच मोठी होते, म्हणजे शर्टाच्या बटणाहूनही लहान. तिच्या मध्यात फिकट निळा. तो बाटलीतून काढून थेट लावता येत नाही, कारण दूरवरून पाहिलेला रंग आणि हातातला रंग वेगळा भासतो. मी पांढऱ्यात निळा थेंबाथेंबाने मिसळत चार नमुने केले, चारही दिवसाच्या उजेडात खिडकीत ठेवून पाहिले आणि तिसरा निवडला. या बटणाएवढ्या वर्तुळावर तीन संध्याकाळी गेल्या. आणि भिंगातून पाहणाऱ्याला ती विसरभोळेपणाची खूण वाटली!

मला राग त्या काकांचा आलेला नाही. त्यांनी पन्नास हरिकेन पाहिली असतील आणि पन्नासही केंटच्या आकाशातली असतील. डोळ्यांना जे वारंवार दाखवले जाते, तेच डोळे 'योग्य' म्हणून ओळखू लागतात.

६/ इथे आपल्या छंदाचा जन्म आठवावा. १/७२ म्हणजे सहा फुटांना एक इंच. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'स्कायबर्ड्स' या लाकडी संचांनी हे प्रमाण लोकप्रिय केले. मग युद्ध आले. १९४२ मध्ये अमेरिकन नौदलाने शाळकरी मुलांकडून विमानांची पाच लाख मॉडेले मागवली. प्रमाण हेच, रंग सपाट काळा. ती शोभेसाठी नव्हती. तोफखान्यातल्या आणि जहाजांवरच्या माणसांनी आकाशातली आकृती पाहून मित्र कोण, शत्रू कोण हे क्षणात ओळखावे, म्हणून ती छताला टांगून शिकवली जात. म्हणजे आपण ज्याला आज निरागस छंद म्हणतो, त्याला 'हे विमान कोणाचे?' हा प्रश्न जन्मापासूनच चिकटलेला आहे. प्लास्टिक नंतर आले. एअरफिक्सचे पहिले स्पिटफायर १९५३ चे.

७/ 'तपशील म्हणजे तंत्र, इतिहास वेगळा' असे म्हणणाऱ्यांसाठी हरिकेनचेच एक उदाहरण देते. विमान वापरलेले दिसावे म्हणून आम्ही रंगावर ओरखडे काढतो आणि त्यातून चंदेरी धातू डोकावताना दाखवतो. प्रदर्शनात ते फार भाव खाते. पण हरिकेनचा मागचा अर्धा देह धातूच्या पत्र्याचा नव्हताच. सिडनी कॅम यांनी १९३० च्या दशकात हे विमान जुन्या आणि नव्या तंत्राच्या सांध्यावर रचले: आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, आणि वरून लेप देऊन ताणलेले कापड. कापड फाटते, त्याला ठिगळ लागते, ते उन्हात विटते. पण त्याखालून चांदी चमकत नाही. माझ्या हरिकेनच्या मागच्या भागावर म्हणूनच एकही चंदेरी ओरखडा नाही. तिथे दोन ठिगळे आहेत, भोवतालच्या रंगाहून किंचित गडद.

ही गोष्ट कोणत्याही संचाच्या सूचनापत्रात सापडत नाही. ती समजण्यासाठी विमान कसे आणि कोणत्या काळाच्या अडचणींतून घडले हे वाचावे लागते. तंत्राच्या पोटातच इतिहास असतो, आणि तो वगळला की तंत्रही चुकते.

८/ थोडे विषयांतर, बदलापूर-अंबरनाथच्या मॉडेलकारांसाठी. जून ते सप्टेंबर वार्निश मारू नका. हवेतला दमटपणा थरात अडकतो आणि गडद हिरव्यावर पांढुरका धुरळा बसल्यासारखे दिसते. माझे पहिले हरिकेन असेच गेले. घरच्यांनी "धुक्यातलं विमान" म्हणून त्याची समजूत घातली. काचेच्या टोपणाला, म्हणजे कॅनोपीला, साधा सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेने तेही पांढरे पडते. असो.

९/ मग हे हरिकेन कोणाचे? भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे. ही स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीला उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे वापिटी जातीची दुपंखी विमाने होती. १९४२ मध्ये के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ती लायसँडर घेऊन ब्रह्मदेशात गेली. लायसँडर हे टेहळणीचे संथ विमान. त्याला बॉम्ब अडकवून या माणसांनी जपानी तळांवर हल्ले केले. पुढे हरिकेन मिळाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये अर्जनसिंग यांची ही स्क्वाड्रन इम्फाळला पोहोचली आणि वेढ्याच्या काळातही तिथेच राहिली. जूनमध्ये माउंटबॅटन यांनी अर्जनसिंगांना डी.एफ.सी. हे पदक आघाडीवरच दिले.

विमानाच्या अंगाखाली जी माणसे राबली त्यांना सुरुवातीच्या काळात 'हवाई सिपाही' म्हणत. संचांत मिळणारे जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांचे पुतळे बहुधा गोरे असतात. १/७२ मध्ये माणूस साधारण २४ मिलिमीटर उंच होतो. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. तेवढा चेहरा मी पुन्हा रंगवला. पाच मिनिटांचे काम होते.

१०/ आपल्याकडचे एक नाव इथे यायलाच हवे. हृषिकेश मुळगावकर. जन्म मुंबईचा, १९२० चा. १९४० मध्ये हवाई दलात दाखल, ब्रह्मदेशच्या आघाडीवर उड्डाणे, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात महावीर चक्र, आणि १९७६ ते १९७८ हवाई दलप्रमुख. जर्मन वैमानिकांची नावे आणि त्यांनी पाडलेल्या विमानांचे आकडे तोंडपाठ असणारे किती तरुण मला भेटतात. मुळगावकर म्हटल्यावर त्यांचे चेहरे कोरे होतात.

११/ तथापि या गोष्टीची सरळ वीरगाथा करायचीही मला इच्छा नाही. १९४४ मध्ये इम्फाळच्या आकाशात भारतीय वैमानिक ब्रिटिश मुकुटाच्या नावाने उडत होते आणि खाली पालेलच्या बाजूला आझाद हिंद फौजेचे भारतीय सैनिक जपान्यांसोबत झुंजत होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर 'चले जाव'ची घोषणा झाली होती, काँग्रेसचे नेते तुरुंगात होते. मार्च १९४५ मध्ये हवाई दलाला 'रॉयल' ही उपाधी मिळाली. एका वर्षाच्या आत, फेब्रुवारी १९४६ मध्ये, मुंबईतल्या नौसैनिकांच्या उठावाला याच 'रॉयल' हवाई दलातील अनेकांनी संप करून साथ दिली. त्या साडेपाच मिलिमीटरांच्या वर्तुळाखाली एवढे सगळे आहे. लाल ठिपका १९४२ नंतर गेला, स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्र आले, आणि १९५० पासून केशरी-पांढरा-हिरवा. दलाची इतकी रूपांतरे दाखवणारी दुसरी वस्तू मला ठाऊक नाही.

१२/ दुकानात संच घ्यायला जा. गेल्या काही वर्षांत एअरफिक्सच्या अनेक खोक्यांवर 'मेड इन इंडिया' छापलेले असते. प्लास्टिक इथे ओतलेले, आणि आत निघणारी चिकटचित्रे बहुतेक वेळा केंट, ससेक्स, लिंकनशायर इथल्या स्क्वाड्रनांची. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, कंपनी खपेल ते विकते. तक्रार आपल्याविषयी आहे. खोक्यात नसलेला इतिहास आपण शोधायलाही जात नाही.

१३/ शोधला तर काय सापडते? ब्रिटिश हवाई दलात दोन स्पिटफायर स्क्वाड्रनांची नावे आपल्या शहरावरून होती: क्रमांक १२२ (बॉम्बे) आणि क्रमांक १३२ (सिटी ऑफ बॉम्बे). क्रमांक १२४ ही बडोद्याची, क्रमांक १५२ हैदराबादची. युद्धनिधीच्या देणग्यांवरून ही नावे पडत. त्या काळी पाच हजार पौंड म्हणजे एक स्पिटफायर असा हिशेब जाहीर होता. हैदराबाद संस्थानात आजचा मराठवाडा होता, हे लक्षात घेतले की १५२ च्या स्पिटफायरवरची झेप घेणारी काळी चित्त्यासारखी आकृती रंगवताना हात जरा थबकतो. संस्थानाच्या तिजोरीत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीडचा शेतसाराही होता.

१४/ क्रमांक १३२ चे पुढे काय झाले ते नीट वाचा, कारण माझा सगळा युक्तिवाद इथे येऊन थांबतो. जून १९४४ मध्ये मित्रसैन्य नॉर्मंडीत उतरले. महिनाअखेरीस ही 'मुंबई शहर' स्क्वाड्रन फ्रान्समध्ये लाँग या गावाजवळच्या बी-११ नावाच्या तात्पुरत्या धावपट्टीवर गेली. अशा पट्ट्या शेतांतच तयार केल्या होत्या: पीक सपाट करायचे, जमिनीवर जाळी अंथरायची, विमाने उतरवायची. आघाडी पुढे सरकली, पट्ट्या उखडल्या गेल्या, आणि जमीन शेतकऱ्यांकडे परत गेली. आज तिथे पुन्हा शेती आहे. पूर्व इंग्लंडमध्येही युद्धकाळात घेतलेल्या कित्येक विमानतळांवर आज गहू उभा असतो, बांधावर एखादा स्मृतिस्तंभ असतो, आणि तिथले मॉडेलकार त्या तळांचे देखावे मोठ्या प्रेमाने बांधतात. त्यांना कोणी 'जमिनीचा विषय बाहेर ठेवा' म्हणत नाही.

१५/ आता 'मुंबई शहरा'च्या शेजारी या. कल्याणहून मलंगगडाकडे जाणारा रस्ता आणि काटई-बदलापूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तो नेवाळी नाका. बदलापूरहून डोंबिवलीला जाताना आपण सगळेच तिथे वाहतुकीत अडकतो. शेजारी मलंगगडाचा सुळका, आणि त्याच्या पायथ्याच्या बाजूला ते पठार. दुसऱ्या महायुद्धात सरकारने इथल्या अनेक गावांची जमीन घेतली आणि धावपट्टी बांधली. क्षेत्र सुमारे १,६०० एकर. युद्धकाळात सरकारला जागा ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार होते. ब्रह्मदेश पडला होता, जपान दाराशी होता आणि मुंबई हे सर्वांत महत्त्वाचे बंदर होते. धावपट्टी का हवी होती हे समजण्यासारखे आहे.

युद्ध १९४५ मध्ये संपले.

१६/ शेतकऱ्यांचे म्हणणे: जमीन युद्धापुरती घेतली होती, गरज संपल्यावर ती परत मिळायला हवी होती. संरक्षण खात्याचे म्हणणे: जमीन आमच्या मालकीची आहे. मधल्या काळात पिढ्या गेल्या, लोक ती जमीन कसत राहिले, सातबाऱ्यावरच्या नोंदींचे वाद चालू राहिले. नौदलाने कुंपणाची भिंत बांधायला घेतली तेव्हा २२ जून २०१७ रोजी त्याचा स्फोट झाला. रस्ते अडवले गेले, पोलिसांची वाहने जळाली, आंदोलक आणि पोलीस दोन्हीकडे माणसे जखमी झाली. हिंसेचे समर्थन मी करत नाही. पण महायुद्धात आखलेल्या एका रेषेवरून बाहत्तर वर्षांनी माणसे जखमी होतात, तेव्हा ते महायुद्ध ठाणे जिल्ह्यात संपले असे म्हणायला मी तयार नाही.

१७/ इथे आमच्या छंदाचेच गणित लावून पाहू. १,६०० एकर म्हणजे ६४,००० गुंठे. १/७२ प्रमाणात लांबी ७२ ने लहान होते, क्षेत्रफळ ७२ गुणिले ७२, म्हणजे ५,१८४ ने. भागाकार करा: बारा गुंठ्यांहून थोडे अधिक. माझे हरिकेन तळहातावर मावते, त्याचा वैमानिक नखावर मावतो. नेवाळीतून घेतलेली जमीन त्याच प्रमाणात मांडायची तर बारा गुंठ्यांचे टेबल लागेल. ज्या सभागृहात ते प्रदर्शन भरले होते ते तेवढे मोठे नव्हते. कार्डावरची दोन वाक्ये मात्र बसत होती.

१८/ 'मग हरिकेन नेवाळीच्या देखाव्यावरच का उभे केले नाहीस?' असे एका मित्राने विचारले. कारण तेच खोटे ठरले असते. ही स्क्वाड्रन १९४४ मध्ये इम्फाळला होती, म्हणून त्याच्या चाकांखाली इम्फाळचा चिखल आहे: कॉफीची पूड, प्लास्टर आणि तपकिरी रंग. नेवाळीचा पाया मी वेगळा केला आहे. वीतभर लाकडी फळी, त्यावर धावपट्टीचा एक तुकडा, कडेला तुटलेला बांध आणि भातखाचराची अर्धी चौकट. त्यावर विमान ठेवलेले नाही. पाहणारे विचारतात, "हे अपुरं आहे का?" मी म्हणते, नाही, पूर्ण आहे.

१९/ आजूबाजूचे तेव्हाचे चित्रही ध्यानात घ्या. युद्धासाठी कल्याणजवळ लष्करी छावणी वसली. फाळणीनंतर तिच्याच बराकींत सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. लोक आजही 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' असाच पत्ता सांगतात. म्हणजे युद्धकालीन शब्द अजून रिक्षावाल्याच्या तोंडी आहे.

आणि बारवीच्या पूर्वेला, मुरबाड तालुक्यात, सिद्धगड. भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या लागल्या. एकाच जिल्ह्यात, एकाच युद्धाच्या काळात, एकीकडे साम्राज्याची धावपट्टी आणि दुसरीकडे साम्राज्याची वीज तोडणारी पोरे. हे आपल्या पंचक्रोशीतले महायुद्ध आहे. ते सोडून आपण डंकर्कच्या वाळूचा रंग नेमका कोणता होता यावर रात्र-रात्र वाद घालतो.

२०/ समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा मी टाळणार नाही. छंद हा छंद असतो. दिवसभर लोकलमधून लोंबकळून आलेला माणूस रात्री तासभर पॉलिश पेपर घासतो, तेव्हा त्याला सुटका हवी असते, सातबारा नको. हे मला मान्य आहे. मीही परीक्षेच्या आदल्या रात्री पंख घासत बसले आहे. आपल्या टेबलावर कोणी काय बांधावे हे मी सांगू इच्छित नाही. माझे पहिले मॉडेल जर्मन मेसरश्मिट १०९ होते. मी बारा वर्षांची होते, त्याच्या राखाडी ठिपक्यांवर लुब्ध होते, आणि ते कोणासाठी उडत होते हे मला कोणी विचारले नाही, मीही स्वतःला विचारले नाही. त्या मुलीला मी आज दोष देत नाही.

पण प्रदर्शन ही खासगी सुटका नव्हे. तिथे शाळकरी मुले येतात. तिथे मेसरश्मिटशेजारी वैमानिकाचे नाव, पदके, पाडलेल्या विमानांची संख्या असलेले कार्ड चालते. त्याला कोणी राजकारण म्हणत नाही. हरिकेनशेजारी नेवाळी म्हटले की मात्र राजकारण होते. नियम एकच ठेवा: सगळी कार्डे काढा किंवा सगळी राहू द्या.

२१/ 'पण हे विमान नेवाळीचे नाही, मग कार्डावर नेवाळी कशाला?' हाही प्रश्न आला, आणि तो रास्त आहे. उत्तर असे की कार्ड वाचणारा मुलगा उल्हासनगरचा, अंबरनाथचा, बदलापूरचा असतो. इम्फाळ त्याने पाहिलेले नाही. नेवाळी नाका त्याने क्लासला जाताना रोज पाहिला आहे. त्याच्या हातात युद्धाचे एक टोक द्यायचे तर ते त्याच्या बस थांब्यापासून सुरू झाले पाहिजे. तिथून त्याला इम्फाळपर्यंत नेता येते, नॉर्मंडीपर्यंतही. दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयात खरे हरिकेन उभे आहे, तेही तो कधी तरी पाहील, आणि तेव्हा त्याच्या चकतीकडे आधी पाहील.

२२/ शेवटी छायाचित्राबद्दल, कारण माझ्यावरही हाच न्याय लागू होतो. बारवीचा काठ मी 'सुंदर पार्श्वभूमी' म्हणून वापरला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणाचे पाणी जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि शहरांना जाते, माझ्या घरच्या नळालाही. धरणाची उंची वाढत गेली तशी मुरबाड तालुक्यातली गावे पाण्याखाली गेली. ज्या मातीवर मी विमान ठेवले ती कोणाच्या तरी शेताची कड असू शकते. कॅमेऱ्याच्या चौकटीत ते दिसत नाही, म्हणून इथे लिहिले.

२३/ प्रदर्शन पुन्हा भरणार आहे. त्या ज्येष्ठ काकांना मी १९४४ च्या विमानांची छायाचित्रे पाठवली. त्यांचे उत्तर आले: "ठिपक्याबद्दल तुझंच बरोबर. कार्डाबद्दल भेटल्यावर बोलू." भेटू या. तोवर कार्डाचा नवा मजकूर असा ठरवला आहे, सूचना असतील तर कळवा:

"हॉकर हरिकेन, पहिली स्क्वाड्रन, भारतीय हवाई दल, इम्फाळ, १९४४. प्रमाण १/७२. चकतीत लाल रंग नाही. तो या आघाडीवर वापरत नसत. शेजारची फळी: नेवाळी, ठाणे जिल्हा. याच युद्धात धावपट्टीसाठी घेतलेली जमीन, सुमारे १,६०० एकर. याच प्रमाणात मांडल्यास बारा गुंठे. मालकीचा वाद चालू."